पायाखालची फळी

होडीबद्दल बोलताना लोक इंजिनाबद्दल बोलतात, जाळ्याबद्दल बोलतात, बर्फाच्या भावाबद्दल आणि डिझेलच्या परताव्याबद्दल तर रोजच बोलतात. डेकबद्दल मात्र कोणी बोलत नाही. डेक म्हणजे होडीची वरची जमीन. त्यावर खलाशी उभे राहतात, जाळे ओढतात, मासळी निवडतात, भात शिजवतात, आळीपाळीने झोपतात आणि वेळ झाली की नमाजही तिथेच पढतात. घराच्या जमिनीखाली पुन्हा जमीनच असते. डेकच्या खाली बर्फाचा खण असतो, इंजिन असते आणि त्याच्याखाली समुद्र असतो. फरक एवढाच आहे, पण समुद्रावर जाणाऱ्याच्या घरात राहणाऱ्यांना तो पुरेसा असतो.

आम्ही पेशाने शिक्षक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात, उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. घरात कोकणी बोलतो, वर्गात उर्दू बोलतो आणि लिहायला बसलो की मराठीत लिहितो. आमचे अब्बा तांडेल होते. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांच्या जागी आमचा धाकटा भाऊ गेला. त्यामुळे आमच्या घराचा एक पाय पगारावर आणि दुसरा समुद्रावर आहे. उर्दूत फळ्याला ‘तख्ता’ म्हणतात; वर्गातला काळा फळा तो तख्ता-ए-सियाह. लाकडाची साधी फळी तीही तख्ताच, आणि मयताला ज्यावर गुसल देतात तोही तख्ताच. एकाच शब्दात शाळा, होडी आणि आखिरत अशी शेजारी शेजारी बसलेली आहेत. हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होते. त्याचा अर्थ २०२२ साली कळला.

आमची बोट अडतीस फुटांची, लाकडी. अब्बांनी ती २०१६ साली जुनी म्हणून विकत घेतली. सांगाडा सागाचा, बाजू ऐनाच्या, आणि डेकवर नुकतीच प्लायवूड बसवून हिरवा रंग दिलेला. ‘मरीन प्लाय आहे, चिंता नको,’ असे विकणाऱ्याने सांगितले होते. प्लायवर शिक्का कोणता होता हे रंगाखाली दिसत नव्हते. बोट पाण्यात चांगली चालायची, इंजिन कुरकुर करत नसे. डेक पायाखाली कुठे कुठे किंचित लवत होता, पण डोळ्यांना काही दिसत नव्हते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, रात्री जाळे ओढताना, भावाचा उजवा पाय डेकमधून मांडीपर्यंत खाली गेला. जाळ्याचा ताण चालू होता. मागच्या खलाशाने त्याला काखेत धरले आणि दुसऱ्याने इंजिन तोडले, म्हणून तो वाचला. नडगीला अकरा टाके पडले. बोट अर्ध्या रात्रीत बंदराला आली. अम्मी त्याच्या खाटेजवळ बसून राहिली. अब्बा मात्र खोलीत न येता ओटीवरच बसले होते. सकाळी ते एवढेच म्हणाले, ‘‘बोट विकून टाकू.’’

आमच्या मेहुण्यांनी कुवेतच्या व्हिसाची गोष्ट काढली. आमच्या भागात ती नेहमीच तयार असते. प्रत्येक घरातून कोणी ना कोणी आखातात गेलेला आहे. भाऊ खाटेवर पाय लांब करून ऐकत होता. म्हणाला, ‘‘भाई, मला दुसरं काही येत नाही. आणि पाय समुद्राने नाही मोडला, प्लायने मोडला.’’

त्याचे हे वाक्य आम्हाला पटले. समुद्रावर कोणाचा इलाज चालत नाही. प्लाय तर दुकानातून पारखून आणायची वस्तू आहे.

आम्ही डेकचा तो फुटका तुकडा घरी आणला आणि उन्हात ठेवून नीट पाहिला. वरचा हिरवा रंग शाबूत होता. आत मात्र थर ओल्या पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. काही थर नुसतेच वेगळे झाले होते, लाकूड अजून घट्ट होते. काही थर नखाने चुरडले तर भुसा होत होते. म्हणजे दुखणी दोन होती. एक, डिंक सुटला होता. दुसरे, लाकूड कुजले होते. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे औषधही वेगळे आहे. प्लाय घेताना बहुतेक लोक फसतात ते या दोन गोष्टी एकच समजून.

बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की धडा ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावा. तेव्हा पेन्सिलपासून सुरुवात करू. शार्पनरमध्ये पेन्सिल फिरवली की लाकडाची पातळ लांब साल निघते. प्लायवूडच्या कारखान्यात उकडलेला ओंडका असाच फिरवतात आणि लांब पात्याने त्याची अखंड साल काढतात. या पातळ पत्र्यांचे थर डिंक लावून एकमेकांवर ठेवतात, आणि प्रत्येक थराचे रेषे खालच्या थराच्या रेषांना आडवे ठेवतात. मग उष्णता आणि दाब. थरांची संख्या बहुधा विषम असते, म्हणजे दोन्ही तोंडांचे रेषे एकाच दिशेने राहतात आणि फळी वाकडी होत नाही. साधे लाकूड रेषांच्या दिशेने चिरते. प्लाय चिरत नाही, कारण एका थराची चीर दुसरा थर अडवतो. सातवीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, म्हणजे सगळे एकाच दिशेला असले की फुटतात?’’ आम्ही म्हटले, लाकडात तरी असेच होते.

आता शिक्क्यांची गोष्ट. आपल्याकडे दुकानात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला एम.आर., म्हणजे नुसत्या दमटपणाला टिकणारा. याचा डिंक युरियाचा. घरातले कपाट, पलंग याला तो ठीक. त्याची परीक्षा साठ अंश तापमानाच्या पाण्यात तीन तास. दुसरा बी.डब्ल्यू.आर.; त्याची परीक्षा उकळत्या पाण्यात आठ तास. दुकानदार यालाच ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकतात. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली तो चालतो. हे दोन्ही आय.एस. ३०३ या मानकाखाली येतात. तिसरा आय.एस. ७१०, ज्याला मरीन प्लाय म्हणायचे. याचा डिंक फिनॉलचा, लालसर काळा. त्याला उकळत्या पाण्यात बहात्तर तास उतरावे लागते, आणि लाकडाला कीड-बुरशीविरुद्ध औषध दिलेले असणेही या मानकात बंधनकारक आहे.

नुसता ‘मरीन’ हा शब्द छापलेला असणे पुरेसे नाही. ‘७१०’ हा आकडा परवान्याशिवाय छापता येत नाही. म्हणून शीटवर आय.एस.आय.ची खूण पाहावी. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सी.एम./एल. या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक. हा क्रमांक बी.आय.एस. केअर नावाच्या मोबाइल ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे की संपला, हे दुकानातच उभे राहून कळते. आमच्या भावाने तीन दुकानांत हेच केले. एका दुकानात क्रमांक टाकताच मालकाचा चहा मागवण्याचा उत्साह कमी झाला. एवढ्यावरून आम्ही समजलो.

पण शिक्का खरा असला तरी बहात्तर तासांची परीक्षा मुख्यतः डिंकाची आहे. उकळत्या पाण्यात लाकूड कुजत नाही. कुजायला बुरशी लागते, आणि बुरशीला लागतो ओलावा, हवा आणि वेळ. समुद्रावर यांतले काहीच कमी नाही. म्हणून डिंकानंतरचा प्रश्न असतो, आतले लाकूड कोणते?

या प्रश्नामागे मोठी हकिगत आहे. एके काळी प्लायवूडचा मोठा धंदा आसाम आणि ईशान्येकडे होता. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर कडक बंधने घातली आणि तिकडचे बहुतेक कारखाने थंडावले. धंदा हरियाणात यमुनानगरला आणि केरळात पेरुंबवूरला वाढला. यमुनानगरच्या प्लायमध्ये शेताच्या बांधावर वाढवलेला पॉप्लर आणि निलगिरी असते, पेरुंबवूरच्या प्लायमध्ये रबराच्या झाडाचे लाकूड. पॉप्लर हलका आणि मऊ. बुरशीपुढे तो फार टिकत नाही. जुने मेस्त्री ज्या प्लायची आठवण काढतात ती गर्जनाची. गर्जन म्हणजे ब्रह्मदेश आणि अंदमानच्या जंगलातले उंच, तांबूस, आतून तेलकट झाड.

ब्रह्मदेश आम्हा रत्नागिरीकरांना परका नाही. किती तरी कोकणी मुसलमान घरांतले आजे-पणजे रंगूनला गेले होते. आणि तिथला शेवटचा राजा थिबा तर १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत आमच्या रत्नागिरीतच कैदेत होता. ज्या भांडणातून १८८५ चे युद्ध झाले, त्यात एका इंग्रज कंपनीला सागाच्या ओंडक्यांवरून ठोठावलेला दंड हे एक कारण होते. म्हणजे लाकडापायी राज्य गेले आणि राजा आमच्या गावी आला! त्याच ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून अख्खे ओंडके बाहेर पाठवणे बंद केले. तेव्हापासून गर्जन महाग झाला आणि बाजारात एक युक्ती रूढ झाली. वरचा पापुद्रा गर्जनाचा, किंवा गर्जनासारखा लाल रंगवलेला, आणि आत पॉप्लर. वरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

म्हणून आम्ही प्लाय वरून पाहायची नाही असे ठरवले. भाऊ मार्च २०२३ मध्ये पुन्हा चालू लागला. मे महिन्यात काम काढायचे होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोट रिकामीच असते. पण पावसात लाकूड ओले असते आणि ओल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही. त्यामुळे काम पावसाआधी उरकायचे, म्हणजे हंगामाचे शेवटचे वीस दिवस सोडायचे. ते वीस दिवस भावाने सोडले. आमच्याकडे हा लहान निर्णय नसतो.

दोन दुकाने रत्नागिरीची आणि एक कोल्हापूरच्या टिंबर मार्केटमधले, अशा तीन दुकानांतून आम्ही १२ मि.मी. जाडीचे नमुने आणले. एक साधी प्लाय, एक ‘वॉटरप्रूफ’ आणि एक ७१० क्रमांकाची. मग आमच्या घरामागे पाच दिवस जे चालले त्याला शेजारच्या बायका ‘मास्तरांची दावत’ म्हणत होत्या.

पहिली परीक्षा कडेची. वीतभर पट्टी करवतीने कापली, कड सॅंडपेपरने घासली आणि भिंग लावले. चांगल्या प्लायचे थर कडेला सरळ, सारख्या जाडीचे दिसतात. वाईट प्लायमध्ये एक थर जाड, दुसरा मध्येच तुटलेला, कुठे दोन तुकड्यांत फट, कुठे एकावर एक चढलेले. ही फट म्हणजे पाण्याची विहीर. ७१० च्या नमुन्यात नऊ थर होते आणि फट एकही नव्हती. साध्या प्लायमध्ये सातच थर होते आणि वीतभर लांबीत तीन फटी.

दुसरी परीक्षा कानाची. अख्खी शीट दोन स्टुलांवर ठेवून रुपयाच्या नाण्याने चार-चार बोटांवर ठोकत जायचे. भरीव जागी आवाज टणक येतो, आत पोकळ असेल तर भद्द येतो. भांडी घेताना आपल्या घरच्या बायका हेच करतात.

तिसरी वजनाची. मासळीच्या काट्यावर आठ बाय चार फुटांची १२ मि.मी.ची शीट तोलली. साधी अठरा किलो भरली, ७१० ची पंचवीस किलो. घनमीटरला हिशेब केला तर एक सुमारे ५०० किलोंची, दुसरी सुमारे ७०० किलोंची. वजन म्हणजे सर्व काही नव्हे. निलगिरीही जड असते. पण पॉप्लरला वजनाचे सोंग आणता येत नाही.

चौथी परीक्षा उकळण्याची. लग्नातली जुनी डेग चुलीवर चढवली. साधी प्लाय तासाभरात सुटली; थर पाण्यावर तरंगू लागले. युरियाचा डिंक उकळत्या पाण्यात टिकत नाही, त्याचा हा धडा. ‘वॉटरप्रूफ’ दिवसभर टिकली, पण रात्री वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळली तेव्हा एका कडेला चिमटीत धरून उघडता आली. ७१० ची पट्टी दिवसा उकळून आणि रात्री वाळवून चार दिवस चालवली. शेवटी छिन्नीने थर उचकटला तेव्हा डिंकाची रेघ सुटली नाही, लाकडाचे रेषे तुटले. हीच खूण पाहायची असते. जोड लाकडापेक्षा मजबूत निघाला पाहिजे.

अब्बा हे सारे ओटीवरून पाहत होते. त्यांचा प्लायवर विश्वासच नव्हता. त्यांच्या काळात डेक सागाच्या फळ्यांचा असे, फटींत कापूस आणि राळ ठोकून भरत, वरून काजूच्या टरफलांचे तेल देत. सकाळ-संध्याकाळ समुद्राचे पाणी बादलीने डेकवर ओतत, म्हणजे फळ्या फुगून फटी मिटून राहत. ते म्हणाले, ‘‘खारं पाणी लाकूड मुरवतं, गोडं पाणी कुजवतं. तुम्ही चार दिवस विहिरीच्या पाण्यात उकळलीत. पण डेकचा दुश्मन उकळतं पाणी नाही. दुश्मन पावसाचं थेंबभर पाणी, कोपऱ्यात साचलेलं.’’

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. मिठाच्या पाण्यात बुरशीचे बळ कमी पडते. पावसाचे पाणी साचते तिथे ती वाढते. जुन्या डेकचा फुटका भाग केबिनच्या पाठीमागच्या कोपऱ्यात होता, जिथे चार महिने पाणी साचून राही. आणि प्लायची कड म्हणजे गवताच्या काड्यांची पेंढी उभी धरावी तशी असते. रेषे पाणी शोषून आत ओढतात. वरचा रंग कितीही जाड असला तरी कड उघडी असेल तर पाणी आत जाते आणि रंगामुळे बाहेर येत नाही.

राहिला जाडीचा प्रश्न. आमचे मेस्त्रीकाका पन्नास वर्षे बोटी बांधत आलेले. ते म्हणाले, ‘‘मास्तर, १९ ची एक शीट ठोकू, काम खलास.’’ आम्ही त्यांच्या समोर वहीवर हिशेब मांडला. फळीचे लवणे जाडीच्या घनावर अवलंबून असते. जाडी दुप्पट केली तर लवणे दुपटीने नव्हे, आठपटीने कमी होते. तुळयांमधले अंतरही तसेच. अंतर अर्धे केले तर तेवढ्याच भाराखाली लवणे आठव्या हिश्शावर येते. जुन्या डेकखालच्या तुळया दोन-दोन फुटांवर होत्या. मध्ये एकेक घातली तर अंतर एक फूट.

मेस्त्रीकाकांना आकडे आवडले नाहीत, पण तुळया वाढवायचे पटले. मग प्रश्न आला की एक जाड शीट की दोन पातळ? आमची बोट मध्ये उंच आणि बाजूंना उतरती आहे, पाणी वाहून जावे म्हणून. जाड शीट त्या बाकावर नीट बसत नाही. १२ ची बसते. शिवाय दोन थर असले की वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ न देता सरकवता येतो, म्हणजे पाण्याला सरळ वाट राहत नाही. मात्र दोन थर एकमेकांना चिकटवलेच पाहिजेत. दोन शीट नुसत्या एकावर एक ठेवल्या तर ताठरपणा दुप्पट होतो. सबंध चिकटवल्या तर आठपट. लाकूड तेवढेच, फरक फक्त जोडाचा. हे गणित आम्ही नंतर वर्गात दोन पट्ट्या घेऊन दाखवले. मुलांना घन शिकवायला याहून चांगले साधन मिळाले नाही.

पैशाची गोष्ट टाळून चालणार नाही, कारण शेवटी निवड तिथेच होते. डेक अडीचशे चौरस फुटांचा. साध्या प्लायचा एकच १९ मि.मी.चा थर टाकला असता तर अठरा हजारांत काम होत होते. ७१० च्या १२ मि.मी.च्या अठरा शीट घ्यायला एकोणपन्नास हजार लागणार होते. त्यावर इपॉक्सी आणि काचेचे कापड तीस हजार, मजुरी वेगळी. व्याजाचे कर्ज अब्बा घेऊ देत नाहीत. आमची भिशी त्या महिन्यात लागली ती दिली. कमी पडले ते अम्मीने तिच्या दोन बांगड्यांतून भरले. तिने बांगड्या काढून देताना कोणतेही मोठे वाक्य उच्चारले नाही. एवढेच विचारले, ‘‘यात त्याचा पाय खाली जाणार नाही ना?’’

आजवर अनेक पालकांनी आम्हाला मुलांच्या भविष्याबद्दल प्रश्न विचारले आहेत. कोणत्याही प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला इतकी तयारी करावी लागली नव्हती.

काम अठरा दिवस चालले. शीट आधी आठवडाभर पडवीत आडव्या, मध्ये चिपा घालून ठेवल्या, म्हणजे हवा खेळेल. प्रत्येक शीट कापल्यावर तिच्या चारही कडांना इपॉक्सीचे तीन हात दिले. पहिला हात पातळ, लाकूड पिईल तेवढा. खालच्या बाजूलाही हात दिला, कारण खणातली वाफ खालूनच लागते. स्क्रूचे भोक आधी मोठे पाडून इपॉक्सीने भरले आणि सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडून स्क्रू बसवला, म्हणजे स्क्रू लाकडाला न भिडता इपॉक्सीत बसतो. स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेसचे घेतले. लोखंडी खिळा गंजून फुगतो आणि पाण्याला वाट करून देतो. वरून काचेचे कापड, त्यावर इपॉक्सी, आणि शेवटच्या हातात बारीक वाळू, पाय घसरू नये म्हणून. केबिनच्या मागचा तो कोपरा मेस्त्रीकाकांनी बोटभर उंच केला आणि पाणी जायला बाजूला नवे भोक पाडले. हे त्यांनी आमच्या वहीत न पाहता केले. आमच्या सगळ्या हिशेबाइतकेच ते भोक मोलाचे आहे.

केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकापासून लहान होड्या सबंधच्या सबंध प्लायवूडच्या बांधल्या जातात आणि रोज लाटांतून पार होतात. त्यामुळे प्लाय वाईट असे म्हणण्यात अर्थ नाही. कोणती प्लाय, कशी कापलेली, कशी बंद केलेली, हे विचारले पाहिजे.

१ ऑगस्ट २०२३ ला बोट पाण्यात गेली. २०२५ च्या पावसाळ्यात ती वर ओढली तेव्हा भावाने नाणे घेऊन सबंध डेक ठोकून पाहिला. आता दरवर्षी तो हे करतो. एका जागी, नांगराच्या दोराने कापड घासले होते तिथे, त्याने त्याच दिवशी खरवडून इपॉक्सी भरली. बाकी आवाज सगळीकडे टणक. अब्बा अजूनही बंदरावर गेले की पाऊस पडून गेल्यावर डेकवर समुद्राची बादली ओततात. प्लायच्या डेकला फटी मिटवायची गरज नाही. पण गोडे पाणी धुऊन जाते, म्हणून आम्ही त्यांना कधी अडवत नाही.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या वाडीतले एक नाखवा आमच्याकडे आले. त्यांची बोट छत्तीस फुटांची, डेक दोन ठिकाणी लवतो. हातात बावीस हजार रुपये होते. म्हणाले, ‘‘सर, एवढ्यात सबंध डेक होईल अशी प्लाय सांगा.’’ अशी प्लाय बाजारात आहे, आणि रंग दिल्यावर ती आमच्या डेकइतकीच चांगली दिसेल. आम्ही त्यांना सांगितले, पैसे कमी असतील तर शीट कमी घ्या, हलकी घेऊ नका. यंदा जाळे ओढायची जागा करा, जिथे माणसे उभी राहतात. पुढच्या वर्षी उरलेला डेक करा. तोवर त्या भागावर कोणाला उभे राहू देऊ नका. आणि इपॉक्सीचा एक डबा कमी पडला तर वरून वाचवा, कडांवरून वाचवू नका.

त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि सहा शीट ७१० च्या लिहून घेतल्या. जाताना त्यांनी विचारले की त्यांचा मुलगा वर्गात कसा आहे. तो मागच्या बाकावरचाच मुलगा आहे, ज्याने रेषांबद्दल विचारले होते. आता तो नववीत गेला आहे आणि सुट्टीत बापाबरोबर बोटीवर जाऊ लागला आहे.